जोर नको, वजन टाका

थायलंडमध्ये परदेशी माणसाला थाई मसाज करून घेता येतो, शिकता येतो, शिकल्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून दिवाणखान्यात लावता येतं. फक्त तो करून पैसे मिळवता येत नाहीत. परदेशी माणसांना मनाई असलेल्या कामांच्या यादीत तिथल्या कामगार मंत्रालयानं २०२० साली थाई मसाजही घातला. त्याच यादीत केस कापणं आहे, टूरिस्ट गाइडचं काम आहे, बुद्धमूर्ती घडवणं आहे आणि भिक्षूंची भिक्षापात्रं तयार करणंही आहे. म्हणजे उद्या सांगलीचा एखादा गृहस्थ बँकॉकला जाऊन भिक्षापात्रांचा कारखाना काढील, ही शक्यतासुद्धा त्या सरकारनं गृहीत धरलेली आहे. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

मला धंदा पुण्यातच करायचा होता, त्यामुळं थायलंडच्या कायद्याची अडचण नव्हती. अडचण आत्याची होती. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी मसाज शिकायला निघालोय, हे कळल्यावर ती दोन मिनिटं काही बोलली नाही. आत्या दोन मिनिटं गप्प बसते ती फक्त शोकसभेत. मग म्हणाली, "अरे, बँकेत होतास तेव्हा लोक कर्जासाठी तुझे पाय धरायचे. आता म्हातारपणी तू त्यांचे धरणार?" धंद्याचं इतकं नेमकं वर्णन मला नंतरही कोणाकडून मिळालेलं नाही.

बाकीच्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण 'बँकॉक' आणि 'मसाज' या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की मराठी माणसाची एक भुवई आपोआप वर जाते. 'स्पाच्या नावाखाली' असं सुरू होणाऱ्या बातम्या वाचून तिला ती सवयच लागली आहे. त्यांना मी सांगायचो की युनेस्कोनं २०१९ साली थाई मसाजला मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा मानलं आहे, आणि हा मसाज अंगभर कपडे घालून, जमिनीवर गादी टाकून, तेलाचा थेंबही न वापरता करतात. युनेस्कोचं नाव काढल्यावर भुवई खाली यायची. तेलाचा थेंबही नाही म्हटल्यावर पुन्हा वर जायची. मालिश आहे आणि तेल नाही, म्हणजे यात काहीतरी लबाडी असणारच!

या विद्येचं माहेर बँकॉकच्या जुन्या राजवाड्याशेजारच्या वाट फो या मंदिरात आहे. तिथं ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच अशी पहुडलेल्या बुद्धाची सोनेरी मूर्ती आहे. पर्यटक मस्तकाकडून बघायला सुरुवात करतात आणि तळपायांपाशी येईपर्यंत त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपलेली असते. मसाज शिकणाऱ्यानं मात्र पायांपासून सुरुवात करावी. त्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावकामात १०८ शुभचिन्हं आहेत. तळपाय ही किती गांभीर्यानं घ्यायची गोष्ट आहे, ते तिथं उभं राहिल्यावर समजतं. थाई मसाज सुरू होतो तोही पायांपासूनच.

एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या राम राजानं या मंदिराचा जीर्णोद्धार केला, तेव्हा देशातलं होतं नव्हतं तेवढं ज्ञान दगडावर कोरून भिंतींत बसवलं. त्यात वैद्यक आलं, औषधं आली आणि मानवी शरीरावरच्या रेघा व दाबायच्या जागा दाखवणाऱ्या ६० आकृत्याही आल्या. वैद्याला विद्या लपवायची सवय असते. राजानं ती चव्हाट्यावर मांडली. हे शिलालेख २०११ पासून युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत आहेत. शिवाय अंगाला नाना प्रकारे पीळ घालून बसलेल्या ऋषींचे ८० पुतळे त्यानं ओतवून घेतले होते, त्यातले आता वीस-पंचवीसच उरलेत. कोणी पाय मुडपलाय, कोणी मान वळवलीय, आणि प्रत्येकासाठी एक कविता रचलेली, की या आसनानं अमुक दुखणं जातं. आपल्या आरोग्यखात्यानं पत्रकं वृत्तात लिहायचं मनावर घेतलं, तर लोक निदान चालीवर तरी वाचतील.

वाट फोची पारंपरिक वैद्यकाची शाळा १९५५ पासूनची. मसाजचा प्राथमिक अभ्यासक्रम पाच दिवसांचा, ३० तासांचा. एवढ्यावर कोणी मसाजवाला होत नाही, असं तिथले लोक पहिल्याच दिवशी प्रेमानं सांगतात. थाई माणसाला दुकानात रीतसर नोंदणी करून काम करायचं, तर किमान १५० तासांचं शिक्षण लागतं. म्हणून मीही पुढचे वर्ग केले. बँकेत खातं उघडायला आलेल्या माणसाला मी जेवढे कागद मागायचो, तेवढे तास इथं माझ्याकडून वसूल झाले.

वर्गाची सुरुवात गुरुवंदनेनं होते, आणि ती कोणाला? जीवकाला! राजगृहात जन्मलेला, तक्षशिलेत शिकलेला, बिंबिसाराचा आणि खुद्द बुद्धाचा वैद्य. आपल्याकडं बौद्ध घरांबाहेर हे नाव फारसं निघत नाही, पण थायलंडमध्ये मसाजच्या दुकानात त्याची तसबीर वा मूर्ती असते आणि तिच्यापुढं ताजी फुलं असतात. थाई मसाजवाले त्यालाच आपला आदिगुरू मानतात. त्याची एक गोष्ट पाली ग्रंथांत आहे. शिक्षण संपताना गुरूनं सांगितलं, तक्षशिलेच्या आसपास योजनभर हिंड आणि औषधी नसलेली एक तरी वनस्पती घेऊन ये. जीवक हिंडला आणि रिकाम्या हातानं परत आला. गुरू म्हणाले, पास! आपल्या विद्यापीठात प्रॅक्टिकलला रिकाम्या हातानं आलेल्या पोराचं काय झालं असतं, ते सांगायला नको.

आमच्या शिक्षिका साठीच्या घरातल्या, उंची पाच फुटांच्या आत. पहिल्या दिवशी त्यांनी वर्गातल्या सर्वांत दांडग्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाला पुढं बोलावून पालथं निजवलं आणि त्याच्या पाठीच्या कण्याशेजारी दोन अंगठे टेकवले. कुठं जोर लावलेला दिसेना. कोपर सरळ, खांदे सैल, आणि बाई कमरेतून किंचित पुढं झुकल्या, बस्स. त्या गृहस्थाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून बाहेरचा चहावाला आत डोकावला. बाईंनी गोड हसून विचारलं, "जेप माय?" म्हणजे, दुखतंय का? हा प्रश्न थायलंडमधला प्रत्येक मसाजवाला विचारतो आणि बहुतेक पुरुष त्याचं उत्तर खोटं देतात.

साऱ्या विद्येचं सार बाईंनी एका वाक्यात सांगितलं: जोर लावू नका, वजन टाका. हातानं दाबलंत तर तासाभरात तुमचा हात संपेल. शरीर झुकवलंत तर दिवसभर काम कराल. हे ऐकून मला मोठाच धीर आला, कारण जोर माझ्यापाशी नव्हता, पण वजन भरपूर होतं. तीस वर्षं खुर्चीत बसून निगुतीनं वाढवलेल्या पोटाला अखेर नोकरी लागली. तेवढ्यात बाई पुढचं बोलल्या: वजन टाकायचं, पण पडायचं नाही. हळू झुकायचं, थांबायचं, हळू मागं यायचं. यातला 'थांबायचं' हा भाग शिकायला सगळ्यात जास्त वेळ गेला. मागं रांग नसताना सावकाश काम करायची सवय कोणत्याही बँकवाल्याला नसते, आणि रांग असतानाची सवय इथं सांगण्यासारखी नाही.

दुसरा धडा अंगठ्याचा. टोकानं नाही, गादीनं दाबायचं. नख लागलं तर बाई बोलायच्या नाहीत, नेलकटर आणून समोर ठेवायच्या. बँकेत अंगठा म्हणजे सही न येणाऱ्याची खूण. इथं अंगठा हीच पदवी. तो दुखायला लागला की तळवा वापरायचा, मग कोपर, मग गुडघा, मग पाऊल. ही चैन सामान्य माणसाच्या मसाजमध्येच चालते. राजदरबारी पद्धत वेगळी असते. तिथं मसाजवाल्यानं गुडघ्यांवर चालत जवळ जायचं, आदरानं अंतर राखून बसायचं आणि फक्त हातांनी दाबायचं. राजाच्या पाठीवर कोपर रोवायची हिंमत करणाऱ्याला पुढं स्वतःचं कोपर वापरायची संधी मिळाली नसणार.

सराव जोडीजोडीनं चालायचा. अर्धा वेळ तुम्ही दाबणारे, अर्धा वेळ दाबले जाणारे, आणि खरं शिक्षण दुसऱ्या अर्ध्यात. माझ्या वाट्याला आलेली जर्मन फिजिओथेरपिस्ट प्रत्येक दाबाआधी खालच्या स्नायूचं लॅटिन नाव म्हणायची. लॅटिनमध्ये दुखतं ते जास्त दुखतं. ते ऑस्ट्रेलियन गृहस्थ सपत्नीक आले होते. नवराबायको आळीपाळीनं एकमेकांच्या पाठीवर बसून संसाराचे जुने हिशेब कोपरानं चुकते करायचे. बाई लांबून ओरडायच्या, "बाव, बाव!" म्हणजे, हळू. पण काही थकबाक्या अशा हळू वसूल होत नाहीत.

थाई शास्त्र सांगतं की शरीरात ७२,००० रेघा आहेत, त्यातल्या मसाजच्या कामाच्या मुख्य दहा, आणि त्या नाभीच्या आसपास सुरू होतात. इडा, पिंगला, सुषुम्ना या आपल्या योगातल्या नाड्यांची भावंडंच त्यात दिसतात. त्या रेघांतून वारा वाहतो, तो कुठं अडला की दुखणं येतं, आणि दाबून वाट मोकळी करायची. पाश्चात्त्य विद्यार्थ्यांना हे पटवायला बाईंना बराच वेळ लागला. मला एका मिनिटात पटलं. गुडघा दुखो, डोकं दुखो वा छातीत कळ येवो, 'गॅस असेल' या निदानावर ज्या समाजाची अढळ श्रद्धा आहे, त्या समाजातून मी आलो होतो.

वाऱ्याचं दार उघडण्याचा एक प्रकार असतो. उताण्या निजलेल्या माणसाच्या जांघेत, जिथं नाडीचे ठोके लागतात, तिथं तळवा ठेवून हळूहळू वजन द्यायचं आणि काही वेळ स्थिर राहायचं. पाय जड होतो, जरा मुंग्या येतात. मग तळवा अलगद उचलायचा आणि मांडीपासून बोटांपर्यंत ऊब धावत जाते. पुण्यात दोन दिवसांच्या पाणीकपातीनंतर नळाला अचानक पाणी यावं तसं! पण हा प्रकार करण्याआधी बाई प्रश्नांची सरबत्ती करायच्या. रक्तदाब आहे का? हृदयाचा त्रास? पायाच्या शिरा फुगलेल्या? गरोदर? ताप? हाड मोडलेलं? एका प्रश्नाला जरी 'हो' आलं, तरी तो प्रकार रद्द. काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, याचीच त्यांची यादी लांब होती.

संध्याकाळी दुकानांवरून हिंडताना आम्हाला आमचं भविष्य रांगेत बसलेलं दिसायचं. एकसारखे टी-शर्ट घातलेल्या बाया दारात प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून "मसाऽऽज" अशी लांबवलेली हाक देतात. हाक ऐकून वाटतं, किती मजेत चाललंय यांचं! पण यातल्या कितीतरी जणी देशाच्या ईशान्येकडच्या ईसान या शेतकरी भागातून आलेल्या असतात. बऱ्याच दुकानांत ठरलेला पगार नसतो. तासाला गिऱ्हाइकानं दिलेल्या पैशांतला वाटा आणि वर टिप. गिऱ्हाईक नसेल तो तास फुकट. तरीही ज्यांना दुसरं काम सहज मिळत नाही, त्यांना याचा आधार असतो. थायलंडमध्ये अंध मसाजवाले पुष्कळ आहेत. चिआंग माईच्या महिला तुरुंगात कैदी बायकांना हे काम शिकवतात आणि बाहेरची गिऱ्हाइकं त्यांच्याकडून मसाज घ्यायला रांगा लावतात. सुटल्यावर हाताला काम असावं, हा हेतू. बहुतेक तुरुंगांतून माणूस अंगठ्याचा ठसा देऊन बाहेर पडतो. इथं अंगठ्यात पोटापाण्याचं साधन घेऊन.

एका दुकानातल्या मावशींना मी व्यवसायबंधू म्हणून हात दाखवायला सांगितलं. उजव्या अंगठ्याचं पेर सुजून वाकलेलं होतं. आता त्या शक्यतो कोपरानंच काम करतात. गिऱ्हाइकांना ती त्यांची खास शैली वाटते आणि तिच्यासाठी लोक मुद्दाम त्यांनाच मागतात.

पुण्यात जागा शोधताना मी फ्रेम केलेलं सर्टिफिकेट काखेत घेऊन फिरलो. एका सोसायटीच्या सभेत तासभर चर्चा झाली. अध्यक्षांनी विचारलं, "खोलीला दार असणार का?" मी म्हटलं, असणार. सभेत कुजबुज झाली. "मग दार नको," असा ठराव आला. अखेर उघड्या दाराची, पडद्याची आणि माझ्या वयाची खात्री पटल्यावर परवानगी मिळाली. गंमत म्हणजे पहिलं गिऱ्हाईक अध्यक्षच होते. आधी त्यांनी पडदा नीट ओढून घेतला.

मराठी गिऱ्हाइकाची पहिली अडचण म्हणजे ते मदत करतं. 'पाय सैल सोडा' म्हटलं की म्हणतं, "सोडलाय की." मी हात काढून घेतो, पाय हवेतच! कोणाच्याही आधाराशिवाय, पाऊण फूट उंचीवर, सैल सोडलेला. दुसरी अडचण पैसे वसूल करण्याची. "अजून जोरात" असं ते म्हणत राहतं, कारण ओरडल्याशिवाय किंमत वसूल झाली असं वाटत नाही. काही जण बोटं मोडल्याचे आवाज मोजतात. "मागच्या वेळी दहाची दहा वाजली होती, या वेळी सातच," अशी तक्रार मी सभ्यपणे ऐकून घेतली आहे. एक गृहस्थ पहिल्या पाच मिनिटांत झोपले आणि उठल्यावर म्हणाले, "मी झोपलो होतो, तेवढा वेळ धरू नका."

तरुण मुलांचं वेगळंच. पन्नाशीच्या माणसानं पायाला हात लावला की ती दचकून उठतात. "अहो काका, पायाला हात नको!" आणि उलट मलाच नमस्कार करतात. एका मुलानं तासात तीनदा नमस्कार केला. त्याच्या पोटऱ्या मोकळ्या झाल्या की नाही ठाऊक नाही, पुण्य मात्र भरपूर जमलं असेल.

आणि सगळ्यांत मोठी अडचण, माहिती. "काही आजार?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "छे, एकदम ठणठणीत. तेवढी शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, आणि मागच्या वर्षी एक स्टेंट बसवलाय. बाकी काही नाही." लग्न जमवताना अशी माहिती लपवली तर निदान समजून घेता येईल. इथं मी तुमच्या जांघेतली रक्तवाहिनी दाबणार आहे, साहेब!

आत्या शेवटी आली, ती औषधी गाठोड्यांसाठी. हळद, गवती चहा, कापूर, चिंचेचा पाला आणि आल्याच्या कुळातला प्लाय नावाचा कंद कापडात बांधून, वाफेवर गरम करून शेकतात. वास घेताच ती म्हणाली, "हे तर आमच्या आईचं! यासाठी एवढं विमानाचं भाडं?" मग गुडघे पुढं केले. तासभर शेकून झाल्यावर तिनं पर्समधून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणालो. "घे. बँकेतसुद्धा कोणी फुकट काम करत नव्हतं, तूही करू नकोस," असं म्हणून ती जिना उतरली. कठड्याला हात न लावता उतरली, हे मात्र मी बघितलं.

तेव्हा थायलंडला जाणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. मसाजआधी पोटभर जेवू नका. 'जेप माय' विचारलं तर खरं उत्तर द्या. तिथं तुमची मर्दुमकी बघायला कोणी आलेलं नसतं. टिप काउंटरवर न ठेवता काम करणाऱ्या बाईच्या हातात द्या, कारण अंगठा तिचा झिजलाय, काउंटरचा नाही. आणि बीपीची गोळी चालू असेल तर आडवं होण्याआधी सांगा, नंतर नाही.